उजवीकडे झुकलेली ओमात्सूबाई

सेत्सुएबाईंनी मिसोच्या सारात टोफूचे तुकडे सोडले, जाळीवरचा खारा मासा उलटला, आणि दार वाजलं. आठ वाजून वीस मिनिटं. हामानुमा गावात एवढ्या सकाळी कुणी कुणाच्या दारात जात नाही. गेलंच तर मयताची खबर घेऊन, नाहीतर नगरपालिकेचा कागद घेऊन.

दारात पालिकेच्या पर्यटन खात्याचे ओतागुरोसान उभे होते. हातात मिठाईचा खोका, काखेत फाइल. म्हणजे मयत नव्हतं.

“वहिनी, सेनसेई आहेत ना?”

सेनसेई, म्हणजे मास्तर. सेत्सुएबाईंचे यजमान, बहात्तर वर्षांचे तेइजी मोमोसे, न्याहारीची वाट बघत बसले होते. गेली चव्वेचाळीस वर्षं ते जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात रोज चार चौकटींची चित्रकथा काढतात. त्यातल्या ओमात्सूबाई टोफू विकतात, गिऱ्हाइकांशी भांडतात, आणि उभ्या राहिल्या की उजवीकडे झुकतात. आता ओमात्सूबाई गावातल्या गटारांच्या झाकणांवर येणार होत्या. लोखंडी झाकणावर चित्र येणं हा तिथे पुतळ्याच्या खालोखालचा मान. पुतळ्यासाठी मरावं लागतं, झाकण जिवंतपणी मिळतं.

“मंजूर झालं, सेनसेई!” ओतागुरोसान गुडघे मोडून बसले. “समितीनं फक्त बारीकशा दुरुस्त्या सुचवल्यात.”

फाइलीतून तेइजींनी काढलेलं ओमात्सूबाईंचं चित्र निघालं. त्याला गोवर आल्यासारखे लाल ठिपके होते. नाक दोन मिलिमीटर जास्त. डोळे फार बारीक. कंबर नियमाबाहेर. मागोमाग बत्तीस पानांची पुस्तिका निघाली: ‘मोमोसे शैली, प्रमाण मापे’.

“तुमच्या पहिल्या दोन वर्षांच्या चित्रांवरून केलीय. तीच खरी मोमोसे शैली, असं समितीचं मत पडलं.”

तेइजींनी दोन पानं उलटली. “ही माझी नाही. माझ्या गुरूंची आहे.”

एकोणिसाव्या वर्षी ते तोक्योत एका बड्या चित्रकाराकडे राहिले होते. नायक-नायिका गुरूंनी काढायच्या, मागचे विजेचे खांब यांनी. “या खांबात तुझा हात दिसतोय. खोड,” गुरू म्हणत. आपला हात लपवायचा, एवढंच ते सहा वर्षं शिकले आणि गावी परतले. त्यामुळे सुरुवातीच्या ओमात्सूबाईंना गुरूंचे बशीएवढे डोळे होते, आत चांदण्या. नव्यानं सासरी आलेल्या सेत्सुएबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “अहो, एवढीशी कंबर! टोफूची बादली उचलली तर मोडेल ना ही!” मग कंबर भरली. डोळेही हळूहळू बारीक झाले, हसताना सेत्सुएबाईंचे होतात तसे. त्याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

झुकण्याचं निराळं. मुलगी चिनामी तान्ही असताना सेत्सुएबाई दिवसभर मासळीच्या कारखान्यात जात. बापाच्या डाव्या हातावर असली तरच पोर गप्प राही. कागद धरायला हात उरे कुठे? कागद सरके, ओमात्सूबाई कलंडत. दोन वर्षांनी पोर हातावरून उतरली, आज एक्केचाळिसाव्या वर्षी ओसाकातल्या विमा कचेरीत लोकांना फैलावर घेते. ओमात्सूबाई काही सरळ झाल्या नाहीत. एका प्राध्यापकांनी लिहिलं, की सागरी वाऱ्यापुढे न मोडणाऱ्या श्रमिक स्त्रीचं हे प्रतीक. तेइजी वाचून म्हणाले, “असेल.”

“आणि हा कल,” ओतागुरोसाननी आवाज खाली आणला, “एवढा मात्र काढावाच लागेल. लोक म्हणतील, पालिकेनं झाकण वाकडं बसवलं. तक्रारी आल्या की साहेब मला बोलतात हो.”

तेइजींनी पेन्सिल उचलली आणि तिथल्या तिथे नवं चित्र काढलं. ओतागुरोसाननी पट्टी लावली, पुस्तिका पाहिली, मान हलवली.

“सुंदर आहे, सेनसेई. पण तुमच्यासारखं नाही आलं.”

स्वयंपाकघरातली पळी थांबली. “चव्वेचाळीस वर्षं तेच काढतायत ते!”

“म्हणूनच तर, वहिनी. सवयीनं हात बिघडतो.”

सेत्सुएबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत चिनामी येणार होती, झाकण बघायला. नवऱ्यानं खोडरबर हातात घेतलेलं त्यांनी पाहिलं. गुरूंपुढे मान खाली घालणारा माणूस हा, पालिकेपुढे काय वर काढणार! तेइजींनी खरोखरच सगळं खोडलं. पट्टी मागून घेतली. मोठे डोळे, नाजूक कंबर, खांबासारखी ताठ बाई. मागे मासा करपला.

“आता आलं माझ्यासारखं?”

“हुबेहूब!” ओतागुरोसान इतके वाकले की कपाळ चटईला लागलं.

पायांत बूट चढवताना त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “सेनसेईंची आणखी काही इच्छा?” याला सगळे ‘छे, छे’ म्हणतात.

“आमच्या फाटकासमोर एक झाकण येणार ना?” तेइजी म्हणाले.

“नकाशातच आहे.”

“गोलच असतं ना ते?”

“गोलच.”

“मग तेवढं एक, बसवताना, जरा उजवीकडे फिरवून बसवा.”