विहिणीसाठी इटालियन

समोर आलेल्या माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. नमस्कार-चमत्कार नंतर, आधी प्रश्न. त्यांची माझी पहिली भेट पर्थमधल्या आमच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या रांगेत झाली. माझ्या पुढे एक ठेंगण्या, सत्तरीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई उभ्या होत्या. एकदम वळून म्हणाल्या, "नाव?"

"साठे."

"इथे येऊन किती वर्षं झाली?"

"बावीस."

"इथली झाडं किती ओळखता येतात?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दोन."

"बावीस वर्षांत दोन," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी, बावन्न वर्षांचा, दोन मुलांचा बाप, हातातल्या प्लेटसकट अंगठे धरून उभा राहणार होतो. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्या जन्मभर शिकवत होत्या आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होत्या, हे मला नंतर कळलं. पण कळायची गरज नव्हती. सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि त्या रांगेत उभ्या राहिल्या की रांग आपोआप सरळ होई.

त्या वर्षी बाई मुलीकडे, मृणालकडे, राहायला आल्या होत्या. मृणालचा नवरा मार्को पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरातल्या इटालियन कोळ्यांच्या घरातला. तो कालगुर्लीच्या खाणीवर इंजिनिअर, त्यामुळे दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी. चार वर्षांची मीरा दिवसभर मार्कोच्या आईकडे, कार्मेलाबाईंकडे असे. ही नोन्ना, म्हणजे इटालियन आजी, पन्नास वर्षं ऑस्ट्रेलियात राहून इंग्रजीच्या वाटेला फारशी गेली नव्हती. बाईंचं इंग्रजी उत्तम, पण ते इथे काय कामाचं? दोघी विहिणी रविवारी जेवायला समोरासमोर बसत आणि मध्ये मृणाल आणि मार्को भाषांतर करत. "ते दोघं भाषांतर करत नाहीत रे," बाई मला म्हणाल्या, "ते सेन्सॉर बोर्ड आहे. ती पाच मिनिटं हातवारे करून बोलते आणि मला कळतं काय, तर 'आई, त्या म्हणतायत भाजी छान झालीय.' भाजीवर पाच मिनिटं कोण बोलतं?"

म्हणून बाईंनी ठरवलं, इटालियन शिकायचं. मधलं माणूस नको. मी तेव्हा नुकताच फ्रीमँटलला शनिवारच्या वर्गात नाव घालून आलो होतो. मला नाटकाची हौस, आणि या भाषेत हातांना भरपूर काम असतं असं ऐकून होतो. शिवाय शनिवारी सकाळी मी घरात नसावं असं बायकोचं मत होतं. मी हे बोलून गेलो आणि पुढच्या शनिवारी सकाळी आठला बाई माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर होत्या. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, मांडीवर दोनशे पानी वही. समास पट्टीने आखलेला. गाडी फ्रीवेला लागली की तोफ सुटे. "साठे, गृहपाठ?"

"बाई, ऑफिसात फार काम होतं."

"कुत्र्याने खाल्ला म्हणाला असतास तर निदान कल्पकतेला एक मार्क दिला असता."

आमच्या शिक्षिका सिन्योरा पाओला. बाईंपेक्षा चाळीस वर्षांनी लहान, पण पद्धत अफलातून. एक तास वर्गात आणि एक तास रस्त्यावर. बाहेर पडताना सगळ्यांचे मोबाईल एका वेताच्या टोपलीत जमा करायचे, चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीतलं काम गावात जाऊन इटालियनमध्ये पार पाडायचं. जो इंग्रजी बोलेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. पहिले दोन महिने वर्गाच्या कॉफीवर माझा पगार चालला होता.

असं आम्ही फ्रीमँटल पाहिलं. चुनखडीच्या पिवळट दगडांच्या इमारती, बंदर, कैद्यांनी बांधलेला तुरुंग, बुडालेल्या जहाजांचं म्युझियम. पाओला मोठ्या अभिमानाने हे ऐतिहासिक शहर दाखवत होती. दुसऱ्या एका छोट्या, गोल बांधणीच्या तुरुंगाशी आल्यावर ती म्हणाली, ही राज्यातली सर्वांत जुनी इमारत. बाईंनी विचारलं, किती जुनी? पाओला म्हणाली, जवळजवळ दोनशे वर्षं. बाई माझ्या कानाशी लागून मराठीत म्हणाल्या, "दोनशेसुद्धा नाहीत? मग हा इतिहास कसला, या तर चालू घडामोडी." पण तिथल्या दगडावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. दुपारी समुद्रावरून गार वारा सुटला. त्याला इथली माणसं 'डॉक्टर' म्हणतात, असं पाओलाने सांगितलं. "रोज वेळेवर येतो?" बाईंनी विचारलं. रोज येतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग सरकारी दवाखान्यातला नसावा."

एकदा बाईंच्या चिठ्ठीत आलं, मासळी विकत घ्या. बाई जन्माच्या शाकाहारी. मला वाटलं, आता चिठ्ठी बदलून मागतील. छे! पदर खोचून त्या कोळ्यांच्या धक्क्यावर गेल्या, सार्डिनच्या पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि शुद्ध इटालियनमध्ये म्हणाल्या, "मी मासे खात नाही. परंतु आपला मासा ताजा आहे हे आपण सिद्ध करा." तो म्हातारा कोळी थक्क झाला. त्याने कल्ले उघडून दाखवले, डोळे दाखवले, शेपटी वाकवून दाखवली. बाईंनी सगळं वहीत टिपून घेतलं, एक किलो सार्डिन घेतल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. परतीच्या वाटेवर गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

त्या म्हाताऱ्याशी बाईंचं जमून गेलं. दर शनिवारी त्या त्याची तोंडी परीक्षा घेत. "आपण या देशात केव्हा आलात? का आलात? कारणे द्या."

तो म्हणाला, "सिन्योरा बाई, युद्धानंतर गावात खायला नव्हतं. एवढं एकच कारण."

"उत्तर एका मार्काचं आहे," बाई मला मराठीत म्हणाल्या, "पण बरोबर आहे." आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

सहा महिन्यांत बाई वर्गात पहिल्या आल्या. परीक्षा नव्हती, तरी आल्या. पाओलाची हजेरी त्याच घेत. फळ्यावर पाओलाकडून एकदा अक्षर राहिलं, तर बाई उठून पुढे गेल्या, ते घातलं आणि जागेवर येऊन बसल्या. पण तयारी पुरी झाल्याशिवाय विहिणीसमोर इटालियनचा एक शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मी मात्र अजून कॉफीच पाजत होतो.

एका शनिवारी वर्ग सुटल्यावर बाई म्हणाल्या, "गाडी जरा बंदरापाशी लाव." मी लावली. त्यांनी कधी नव्हे तो प्रश्न न विचारता बोलायला सुरुवात केली.

"साठे, पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपतो. मला मीराला सहा आठवडे सांगलीला न्यायचंय. मुलीला आजोळ माहीत नाही, म्हणजे काय? पण ती विहीण नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. मीरा दहा महिन्यांची असताना सांगलीला आली होती. आठ दिवस दवाखान्यात काढले पोरीने. मृणालने सासूला सांगितलं, प्रवासात हॉटेलचं पाणी प्यायली." बाईंनी वहीची कड बोटाने घासली. "हॉटेलचं नव्हतं रे. माझ्या घरचं होतं. उकळलेलं संपलं होतं, आणि मी म्हटलं, एकदा दिल्याने काय होतंय. मुलीने मला पाठीशी घातलं. आता खरं सांगितलं, तर नात मिळायची नाही. आणि न सांगता मागायचं, तर माझी जीभ उचलत नाही."

"बाई, तीन वर्षं होऊन गेली. नका सांगू."

"छत्तीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून सांगितलं," बाई म्हणाल्या. "गाडी काढ."

पुढच्या रविवारी कार्मेलाबाईंकडे जेवण होतं. मलाही बोलावणं होतं, बाईंचा वर्गबंधू म्हणून. परसात अंजिराच्या झाडाखाली लांबलचक टेबल. मार्को त्या आठवड्यात घरी होता. मीरा नोन्नाच्या मांडीवर बसून पाव कुरतडत होती. ताटं भरली आणि बाई उभ्या राहिल्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा. वही उघडली. मला ते पान दिसत होतं. बारा मुद्दे होते, लाल शाईने अधोरेखित. मार्को सवयीने भाषांतर करायला सरसावला. बाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही जेवा."

पहिला मुद्दा कार्मेलाबाईंच्या टोमॅटोंची स्तुती. दुसरा, आजोळ म्हणजे काय. इटालियनमध्ये हे सगळं ऐकून कार्मेलाबाईंच्या हातातला चमचा हवेतच थांबला. सहा महिने रविवारी समोर मुकाट्याने वांगी खाणारी ही बाई एकाएकी बोलत होती! तिसऱ्या मुद्द्याशी बाई अडखळल्या. वही मिटली. आणि मला बंदरापाशी सांगितलं होतं ते सगळं, छोट्या छोट्या वाक्यांत, सांगून टाकलं. पाणी माझ्या घरचं होतं. मी आळस केला. मुलगी खोटं बोलली ती माझ्यासाठी. दोष माझा.

मृणाल पांढरीफटक पडली. मार्को बायकोकडे बघायला लागला. मी पाव मोडत होतो, तो मोडतच राहिलो.

कार्मेलाबाईंनी विचारलं, "दवाखान्यात तिच्यापाशी कोण बसलं होतं?"

"मी."

"किती दिवस?"

"आठही."

कार्मेलाबाईंनी मीराला मांडीवरून उतरवलं, उठल्या आणि आत गेल्या. दार आपटलं. मला वाटलं, संपलं. बाई उभ्याच होत्या, मिटलेली वही छातीशी धरून. आतून भांड्यांचा मोठा खडखडाट ऐकू आला आणि कार्मेलाबाई बाहेर आल्या, त्या दोन्ही हातांनी एक प्रचंड पातेलं पोटाशी धरून. बंबाएवढं! ते त्यांनी बाईंच्या समोर टेबलावर दाणकन ठेवलं.

"यात बारा लिटर मावतं. रोज सकाळी उकळायचं. मोठे बुडबुडे आल्यावर दहा मिनिटं. घड्याळ लावून."

मीरा इंग्रजीत किंचाळली, "नोन्ना, दॅट्स द पास्ता पॉट!"

"पास्त्याला दुसरं घेऊ," नोन्ना म्हणाली.

बाई मग खाली बसल्या. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदाच पाहिलं, की त्यांनी कुणी न वाढता आपणहून हात पुढे करून पाव घेतला.

निघायच्या दिवशी मार्को खाणीवर होता, म्हणून विमानतळावर न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाई, मृणाल, मीरा, नोन्ना आणि पातेलं. पातेल्यात मीराचे सगळे फ्रॉक बसले होते. आत जायच्या दारापाशी बाई माझ्याकडे वळल्या. मी वाकून नमस्कार केला.

"पुढच्या शनिवारी वर्गाला जाणार ना?"

"बाई, तुमच्याशिवाय मजा नाही."

"मजेसाठी नाही, चुकतोस म्हणून जा," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर एक थाप दिली. बाई त्यानंतर इकडे आल्या नाहीत. गुडघे आता लांबचा प्रवास नको म्हणतात. पण मी शनिवार चुकवलेला नाही.

मीरा नोन्नाच्या खांद्यावर झोपली होती. नोन्नाने तिला कुणाच्या हातात न देता स्वतः बाईंच्या खांद्यावर ठेवलं, आणि मानेखालचा फ्रॉक सारखा केला.

मृणाल तिथूनच टॅक्सीने कामावर गेली; सहा आठवड्यांनी मीराला आणायला तीच जाणार होती. परतताना कार्मेलाबाई माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. फ्रीवे लागल्यावर त्यांनी विचारलं, सांगली केवढी आहे? मी सांगायला लागलो. नदी आहे, घाट आहे. हळदीचा बाजार आहे, तिथे सगळी हवा पिवळी वाटते. बाईंच्या घरापुढे पेरूचं झाड आहे. त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिलो. व्याकरणाचा पार चुराडा झाला असणार, पण पाऊण तास मी इटालियन बोललो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

त्यांच्या दारात गाडी थांबली. कार्मेलाबाई उतरल्या, पण दार धरून उभ्या राहिल्या.

"तिला तिथे थोपटून कोण झोपवेल?"

"तिची आजी."

त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ती बाई खोटं बोलत नाही." आणि त्यांनी गाडीचं दार धाडकन लावलं.