नॉर्वेजियनमधलं जाणं

लेक नॉर्वेत, जावई तिकडचेच, आणि चार वर्षांचा नातू फक्त नॉर्वेजियन बोलतो. माझं मराठी तो दुसऱ्या गावच्या बातम्या ऐकाव्या तसं ऐकतो. म्हणून म्हातारपणी घरी बसून मीच त्याची भाषा शिकायला घेतली. सोप्या शब्दानं सुरुवात करू म्हटलं: ‘जाणं’.

“बाबा, पायी जायचं तर गो,” लेक फोनवर म्हणाली. “गाडीनं तर शोरे. दूरच्या गावाला राइसे. अन् निघतो म्हणायचं असंल तर द्रा.”

“एका जाण्याले चार शब्द? आपण तर एकाच शब्दात नागपूरले जाऊन येतो!”

त्या रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना फोन टेबलावर टेकवून लेक आंघोळीला गेली. जावई दुकानात गेले होते. नातू आणि मी, दोघंच. माझं नॉर्वेजियन दोन मिनिटांत संपलं, म्हणून निरोप घ्यायला गेलो. ‘द्रा’ ओठांवर येऊन अडकला. आमच्या घरात निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात नॉर्वेजियनमध्ये ‘मी येतो’ म्हटलं.

नातवाचा चेहरा फुलला. खुर्चीवरून उतरून तो बूट ओढत दिसेनासा झाला. मग दार उघडल्याचा आवाज आला.

आधी मला हसूच आलं. मग बाहेरचा बर्फ आठवला. फाटकापुढचा रस्ता आठवला, त्यावरून सुसाट जाणारी बस आठवली.

“ए पोट्ट्या! माघारी ये!” मी ओरडलो. पलीकडे रिकामी खुर्ची आणि नळाच्या पाण्याचा आवाज.

“काहून बोंबलून राहिले?” बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ऐकताच तिनं स्वतःच्या मोबाइलवरून लेकीला फोन लावला. तो व्यस्त लागला, कारण लेकीचा फोन माझ्याच कॉलवर होता. जावई उचलेनात. मी चारही ‘जाणी’ ओरडून पाहिली, ‘थांब’ला काय म्हणतात तेवढं शिकलो नव्हतो.

नळ बंद झाला तेव्हा आम्ही दोघं एकदमच किंचाळलो. लेक ओल्या केसांनी, अनवाणीच पळाली. पुढची काही मिनिटं मी त्या खुर्चीकडे बघत होतो. बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की नाडी तिची की माझी कळेना.

लेक त्याला कडेवर घेऊन आली. टोपीवर बर्फ, नाक लाल, आणि हुंदके.

“बाबा, काय सांगितलं तुमी याले? फाटक धरून उभा होता! म्हणते, आजोबा येऊन राहिले, त्यायच्यासाठी उघडून ठेवतो.”

नातवानं फोन उचलला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग उलटा करून फोनच्या पाठीमागे पाहिलं.

बायकोनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. “तिकिटाचं पाहा आता. पोरगं थंडीत उभं राहिलं, अन् तुमी खाटेवर बसून शब्द घोकून राहिले.”

विमानाला मी फार भितो. तरी ‘हव, काढतो’ म्हटलं.