शेवटचं प्यादं

परतवाड्याच्या बाजारात आयशाबीचं बांगड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरवर कापडी पट अंथरते आणि एकटीच दोन्ही बाजूंनी बुद्धिबळ खेळते. चाळिशी उलटली तरी बाई गावाबाहेर कधी खेळली नव्हती. मी शाळेत बुद्धिबळ शिकवतो. यंदा मीच हट्टाने तिला अकोल्याला नेलं. तिथे विभागाचा महिला संघ निवडायचा होता. शेवटची बाजी जिंकली तर ती संघात जाणार होती. बरोबरी झाली तर घरी.

समोर आकांक्षा नावाची कॉलेजातली मुलगी होती. खेळता खेळता आयशाबीकडे राजा आणि हत्ती उरले, आकांक्षाकडे राजा आणि एक प्यादं. ते प्यादंही हत्तीच्या तोंडात. ते मारायचं आणि एकट्या राजाला कडेला नेऊन मात द्यायची, एवढंच काम होतं. माझ्या वर्गातली पाचवीची पोरंही ते करतात. आयशाबीने शह दिला. राजा सरकला. तिने पुन्हा शहच दिला. तिसऱ्यांदा तिचा हात हत्तीपर्यंत गेला, थांबला, आणि तिने राजा हलवला.

तोवर आकांक्षाचा राजा प्याद्याशेजारी येऊन उभा राहिला. प्यादं पुढे पुढे सरकलं. त्याचा वजीर होऊ नये म्हणून शेवटी हत्ती द्यावा लागला. पटावर दोन राजे उरले. बरोबरी.

बसमध्ये अंजनगाव आलं तरी माझा राग उतरला नव्हता. मी विचारलं, “काहून नाही मारलं?”

“मारता येते, ठाऊक व्हतं मले, सर. हातच उठला नाई.”

खिडकीकडे बघत तिने सांगितलं. जुन्या देशी खेळात राजा एकटा पडला की बाजी तिथेच बरोबरीत संपते. जिंकायचं असेल तर समोरच्याची एक तरी सोंगटी ठेवावी लागते. लहानपणी तिने अब्बांचं शेवटचं प्यादं मारलं, तेव्हा अब्बांनी, म्हणजे आमच्या रऊफचाचांनी, तिच्या हातावर चापट मारली होती. राजाले एकटं पाडत नाई, म्हणाले होते.

म्हाताऱ्याला आज सुनावायचंच, असं मी ठरवलं.

घरी चाचा खाटेवर वाट बघत होते. हल्ली त्यांना सकाळचं जेवणही आठवत नाही, पण पट समोर आला की माणूस जागा होतो. “मांड,” ते म्हणाले. आयशाबीने ती बाजी मांडली. चाचांचं बोट थेट प्याद्यावर टेकलं.

“हे काहून नाई मारलं?”

त्या चापटीची आठवण द्यायला मी तोंड उघडलं. आयशाबीने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

“दिसलंच नाई, अब्बा.”

“एवढं समोर व्हतं. आंधळी हायेस काय?” चाचा चिडले. “असं शिकवलं व्हतं मी तुले?”

“नाई, अब्बा,” ती म्हणाली आणि सोंगट्या डब्यात भरू लागली.