त्रुटीसाहेबांचा अंतराळातला अर्ज

नळजोडणीच्या कार्यालयात चार नंबरच्या खिडकीमागे जे गृहस्थ एकतीस वर्षं बसले, त्यांचं आईवडिलांनी काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण ते आता फक्त सेवापुस्तकात उरलं होतं. बाकी सगळे त्यांना त्रुटीसाहेब म्हणायचे. अर्ज हातात आला की साहेब आधी चष्मा पुसायचे, मग कागद उजेडाकडे धरायचे आणि मग लाल पेन काढायचे. फोटोवर अर्धी सही नाही? त्रुटी. अख्खी सही फोटोवरच आली? मग तर बघायलाच नको. शेजाऱ्याची संमती जोडलीय, पण त्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची कुठाय? लोकांच्या चपला झिजल्या, केस पिकले, दोघातिघांनी कंटाळून घरच बदललं, पण साहेबांचं पेन काही थांबलं नाही. बरं, माणूस लाच खात नव्हता हो. खात असता तर लोकांची कामं तरी झाली असती!

तर अशा साहेबांची निवृत्ती एका महिन्यावर आली. खिडकीपलीकडे रोज चाळीस-पन्नास माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत ताटकळायची. पुढच्या महिन्यापासून कोण ताटकळणार? बायको? तिने ते कधीच सोडून दिलं होतं. "अहो, घरी बसून माझ्या डब्यांवर त्रुटी काढायच्या नाहीत," असं तिने आत्ताच बजावून ठेवलं होतं.

त्याच रविवारी भाची घरी आली. भाची दातांची डॉक्टर. ती मोबाइलवर काहीतरी लिहीत होती आणि स्वतःशीच खुदुखुदु हसत होती.

"काय गं एवढं?"

"मामा, हा आमचा ग्रुप. एक अंतराळयान आहे, म्हणजे खोटंखोटं. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीने गोष्ट पुढे लिहायची. मी इंजिन सांभाळते. आत्ता इंजिनाला आग लागलीय, आणि मी काय लिहिते त्याची सगळे वाट बघतायत."

"सगळे म्हणजे किती?"

"बत्तीस."

बत्तीस माणसं वाट बघतायत! साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "यात शिरायला काय करावं लागतं?"

"अर्ज," भाची म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. अर्जाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा पृथ्वीवर कोणी नव्हता, आणि पृथ्वीबाहेर असेल असंही त्यांना वाटत नव्हतं.

अर्ज लिहायला तीन दिवस लागले. कचेरीच्याच वेळात लिहिला, खिडकीवर 'साहेब जागेवर नाहीत' ही पाटी लावून आणि पाटीमागे जागेवर बसून. मागितलेलं पद: कॅप्टन. कॅप्टन आधीच आहे असं भाचीने सांगितलं होतं, म्हणून कंसात लिहिलं, 'त्यांची सेवाज्येष्ठता तपासावी.' पात्राचे गुण दीड पान. पात्राचे दोष: निरंक. सोबत वरिष्ठांचं ना-हरकत प्रमाणपत्र, ज्यावर वरिष्ठांनी न वाचता सही केली होती. शेवटी नमुना म्हणून एक प्रसंग लिहायचा होता. साहेबांच्या प्रसंगात अंतराळातले लुटारू यानावर चालून येतात. कॅप्टन त्यांना विचारतो, हल्ल्याची पंधरा दिवस आधी लेखी सूचना दिली होती का? लुटारू खाली मान घालून परत जातात. संपली गोष्ट.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या अर्जात काही त्रुटी आढळल्या आहेत. कृपया त्या दूर करून अर्ज पुन्हा सादर करावा.' ज्या पात्रात एकही दोष नाही ते या ग्रुपमध्ये चालत नाही, असं पुढे स्वच्छ लिहिलं होतं.

त्रुटी! आणि ती यांच्यात! साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण आहे हा शहाणा?"

"हा नाही मामा, ती. शाळेत भूगोल शिकवते. आमच्या ग्रुपची प्रमुख आहे."

"तिला अधिकार काय?"

"ग्रुप तिचाच आहे," भाची म्हणाली, आणि साहेबांनी नवा कोरा कागद पुढे ओढला.

दुसऱ्या अर्जात त्यांनी दोषांच्या रकान्यात लिहिलं, 'कधीकधी गरजेपेक्षा जास्त चांगला वागतो.' तोही परत आला. सोबत एक ओळ होती: नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली आहे, त्यानंतर एक वर्ष अर्ज करता येणार नाही. निवृत्तीला नऊ दिवस राहिले होते. एक वर्ष घरात, समोर बायकोचे डबे आणि भिंत! साहेबांना जेवण जाईना. नियमावर बोट ठेवून माणसाला परत पाठवणं किती वाईट असतं, असं ते त्या आठवड्यात चक्क दोनदा म्हणाले. चार नंबरची खिडकी मात्र त्यांना एकदाही आठवली नाही, तो भाग वेगळा.

शेवटी भाचीलाच दया आली. "मामा, कॅप्टनचं वेड सोडा. तुम्हाला जे काम येतं, तेच करणारा माणूस घ्या आणि नेऊन ठेवा वर."

हे मात्र साहेबांना पटलं. तिसऱ्या अर्जात त्यांनी एक ठाणं उभं केलं, जिथे याना-यानांना प्राणवायू भरून मिळतो. ठाण्यात एक काच, काचेमागे एक अधिकारी. एक यान येतं. आत दोनशे माणसं आणि सहा तास पुरेल एवढी हवा. अधिकारी अर्ज तपासतो. सही निळ्या शाईत आहे, हवी काळ्या. दुसऱ्यांदा शाई बरोबर असते, पण प्रत एक कमी. तिसऱ्यांदा सगळं असतं, पण अधिकाऱ्याची जेवायची वेळ झालेली असते. यानाचा कप्तान काचेवर थापा मारतो, हात जोडतो, रडतो. अधिकारी म्हणतो, 'मलाही वाईट वाटतं. पण नियम मी केलेले नाहीत.' आणि डबा उघडतो. दोषांच्या रकान्यात साहेबांनी या खेपेला अगदी मनापासून लिहिलं, 'स्वभावाने हळवा. यानातली माणसं गेल्याचं कळल्यावर दोन मिनिटं उभा राहिला.' इतका निष्ठावान नायक आजवर कोणी रंगवला नसेल, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

निरोप समारंभाच्या आदल्या दुपारी उत्तर आलं. 'अभिनंदन! आपला अर्ज एकमताने मंजूर. वाचून अंगावर काटा आला. पाच वर्षांत इतका निर्दय खलनायक आम्हाला मिळाला नव्हता. आणि त्याला स्वतःला आपण भले आहोत असं वाटतं, ही तर कमालच. असा माणूस तुम्हाला सुचला कसा हो?' खाली एक चौकोन होता: 'खलनायक म्हणून प्रवेश मान्य आहे.' त्यावर बोट ठेवलं की झालं.

साहेबांनी तीनदा वाचलं आणि भाचीला फोन लावला. "अगं, काहीतरी गोंधळ झालाय. तो नायक आहे."

"मामा, दोनशे माणसं मेली."

"कागद अपुरे होते!"

भाची म्हणाली, "दाढ काढायला पेशंट बसलाय," आणि फोन ठेवला.

मंजुरीबरोबर ग्रुप त्यांना वाचायला खुला झाला होता, आणि तिथे तोवर साठ निरोप जमले होते. सगळ्यांचा विषय एकच, या काचवाल्याला संपवायचं कसं. कोणाला त्याला त्याच काचेमागे कोंडायचं होतं, कोणाला आधी रांगेत उभा करून मग. एकाने साधंच विचारलं होतं, 'इतकी वर्षं याच्या तोंडावर कोणीच काही बोललं कसं नाही?'

साहेब मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. "अगं, हे वाच. मी असा आहे का?"

बायकोने हात पुसले, चष्मा लावला आणि सगळं सावकाश वाचलं, एकही ओळ न सोडता. मग मोबाइल परत दिला.

"ते दोन मिनिटं उभा राहिला म्हणून लिहिलंय ना," ती म्हणाली, "ते तुम्ही वाढवून लिहिलंय."

साहेबांनी खुलासा लिहायला घेतला. 'वरील पात्राबाबत गैरसमज झाला असून...' चार ओळी झाल्या आणि पाचवी काही सुचेना. त्यांनी सगळं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशीचा निरोप समारंभ वीस मिनिटांत आटोपला. वरिष्ठांनी भाषणात दोनदा दुसऱ्याच कोणाचं तरी नाव घेतलं. साहेब नारळाएवढ्या पुष्पगुच्छासकट बाहेर पडले, तेव्हा चार नंबरवर नवी बाई बसली होती. रांग तिच्या तोंडाकडे बघत होती. साहेब रांगेच्या अगदी जवळून गेले, जरा रेंगाळलेसुद्धा. कोणी मान वळवली नाही.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. बायको बाहेर गेली होती. त्यांनी ग्रुप उघडला. आता एकशे चाळीस निरोप होते. 'कुठाय तो काचवाला? आम्ही केव्हाचे तयारीत आहोत,' असं कोणीतरी विचारलं होतं, आणि खाली बाकीच्यांनीही तेच विचारलं होतं. साहेबांनी एकेक निरोप बोट ठेवून वाचला. मारायला का होईना, बत्तीस माणसं आपली वाट बघतायत, हे कळल्यावर त्यांना फार फार बरं वाटलं, आणि त्यांनी 'मान्य आहे' दाबलं.