लॅब कितव्या मजल्यावर आहे?

साळवेसाहेबांचा फोन आला तेव्हा ते माझ्या ऑफिसच्या खालीच उभे होते. म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्हीच खाली याल का? मुलगी बरोबर आहे आणि तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.’’

माझं ऑफिस नाशिकच्या इंदिरानगरात, पहिल्या मजल्यावर. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना मी कॉलेजांची यादी करून देते. त्याआधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. लॅपटॉप घेऊन खाली गेले. झेरॉक्सच्या दुकानदाराने दोन स्टुलं दिली आणि पार्किंगमध्ये, लावलेल्या स्कूटरींच्या शेजारी, आमची मीटिंग सुरू झाली.

मुलीचं नाव संघमित्रा, घरात सगळे मित्रा म्हणत. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही, त्यामुळे व्हीलचेअर. आवाज बारीक, पण बोलणं स्वच्छ. वडील सरकारी ऑफिसात क्लार्क, आई शाळेत शिक्षिका. नाशिकरोडच्या एका कॉलनीत घर. साळवेसाहेबांनी यादी तयार करूनच आणली होती. एक नंबरला पुण्यातलं एक मोठं, जुनं, नावाजलेलं कॉलेज. ब्रँच कॉम्प्युटर. खाली दोनचार नावं उगाच लिहायची म्हणून लिहिलेली.

यादीचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल आले की ऑनलाइन ऑप्शन फॉर्म भरायचा. त्यात कॉलेजं आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहायची. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जातो आणि जिथे तुमचे गुण पुरतात ते पहिलं कॉलेज तुम्हाला देतो. शेवटच्या मुलाला जितक्या गुणांवर प्रवेश मिळाला, तो त्या कॉलेजचा कटऑफ. मी मागच्या वर्षांचे कटऑफ बघून यादीचे तीन भाग करते. वर थोडी आवाक्याबाहेरची, मधे बेताची, खाली हमखास मिळणारी. एक नियम मात्र कडक आहे. एक नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेरीत मन बदलता येत नाही.

मित्राचे पर्सेंटाइल चांगले होते. शिवाय दिव्यांगांसाठी प्रत्येक कॉलेजात थोड्या जागा राखीव असतात. त्या वापरायच्या का, असं मी विचारायच्या आत साळवेसाहेब म्हणाले, ‘‘प्रमाणपत्र जोडायचंय. हक्काची गोष्ट आहे, ती सोडायची नाही.’’ मग प्रश्नच नव्हता. पुण्याचं ते कॉलेज तिला जवळजवळ नक्की लागत होतं. माझ्या हिशोबाने यादी तिथेच संपली होती.

तेवढ्यात मित्रा म्हणाली, ‘‘मॅडम, त्यांची कॉम्प्युटर लॅब कितव्या मजल्यावर आहे?’’

मला माहीत नव्हतं. माझ्या शीटमध्ये फी होती, हॉस्टेल होतं, प्लेसमेंट होती. मजला नव्हता. मी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. पुणं, नाशिक, सगळीकडे उत्तर एकच. लिफ्ट आहे, रॅम्प आहे, काही अडचण येणार नाही. मी समाधानाने मित्राकडे पाहिलं. ती म्हणाली की तिच्या ज्युनिअर कॉलेजनेही हेच सांगितलं होतं. लिफ्ट होतीही. पण ती बंद असायची, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला गेला की ही वरच्या मजल्यावर अडकून.

‘‘मग जाऊनच बघू,’’ मी म्हटलं. फॉर्मची मुदत संपायला अजून अवकाश होता.

आधी नाशिकमधली दोन पाहिली. पहिल्या कॉलेजात रॅम्प इतका उभा होता की साळवेसाहेबांना मागून जोर लावावा लागला, आणि उतरताना मी पुढून खुर्ची धरली. दुसरं कॉलेज शहराबाहेर, हायवेला लागून. नाव फार मोठं नाही, पण कॉम्प्युटरचा सगळा विभाग तळमजल्यावर. मला कौतुक वाटलं. तिथल्या मॅडमनी हसत सांगितलं की वरच्या मजल्याचं बांधकाम अजून पुरं व्हायचंय, म्हणून सगळे खाली आहेत. निदान खरं तरी सांगितलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन्ही कॉलेजांत मित्राने वर्ग किंवा लॅब बघायच्या आधी टॉयलेट बघितलं. दार किती रुंद, आत खुर्ची वळते का, कडी कुठे. कुणी चहा दिला, पाणी दिलं, तर तिने ‘नको’ म्हणून हातानेच परत केलं. मला वाटलं, लाजत असेल.

मग पुणं. साळवेसाहेबांनी रजा टाकली आणि आम्ही त्यांच्या गाडीने निघालो. सिन्नर मागे पडेपर्यंत ते त्या मोठ्या कॉलेजबद्दलच बोलत होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांचा मुलगा तिथून शिकून परदेशात गेला होता. ते स्वतः त्यांच्या घरातले पहिले पदवीधर. मुलीच्या बाबतीत त्यांनी एकच गोष्ट ठरवली होती. खुर्चीमुळे तिला कुठलीही दुय्यम गोष्ट घ्यायला लावायची नाही. शाळेच्या सहलीपासून सायन्सच्या प्रवेशापर्यंत ते भांडत आले होते. या यादीकडेही ते तसंच बघत होते.

कॉलेज खरोखर देखणं होतं. दगडी इमारत, मोठाली झाडं. विभागप्रमुखांनी आम्हाला चांगला वेळ दिला. सरळ माणूस होता, काही लपवलं नाही. लिफ्ट नव्या इमारतीत होती, लॅब मात्र जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला हात लावायला परवानग्या लागत होत्या. लेक्चर खाली घेऊ, म्हणाले, पण लॅब खाली आणता येणार नाही. मग त्यांनी तोडगा सांगितला. ‘‘वर्गातली मुलं उचलून नेतील. आमची मुलं चांगली आहेत, कधी नाही म्हणणार नाहीत.’’

साळवेसाहेबांनी मान हलवली. त्यांना ते चालण्यासारखं वाटलं.

मित्रा म्हणाली, ‘‘सर, मुलं चांगलीच असतील. पण मग माझं कॉलेज त्यांच्या टाइमटेबलवर चालेल.’’

विभागप्रमुखांनी आम्हाला गेटपर्यंत सोडलं आणि जाताना तिच्याशी हात मिळवला.

त्याच दिवशी दुपारी पुण्याच्या कडेला असलेलं आणखी एक कॉलेज बघायचं होतं. ते मी माझ्या शीटमधून निवडलं होतं, मधल्या भागातलं. साळवेसाहेब गाडीतून उतरायलाही फारसे राजी नव्हते. कॉलेज साधं, इमारत चौकोनी, झाडं नुकती लावलेली. पण मित्राने स्वतःच्या हाताने खुर्ची ढकलत गेटपासून लॅबपर्यंतचा रस्ता पार केला. वाटेत कुठे उंबरा नाही. लिफ्टची बटणं बसून पोचतील इतकी खाली. टॉयलेटच्या दाराला कुलूप नाही आणि आत झाडू-बादल्याही ठेवलेल्या नाहीत. हे असं कसं, ते लगेच कळलं. गणिताचे एक प्राध्यापक स्वतःच व्हीलचेअरवर होते. आम्ही लिफ्टशी उभे असताना ते बाहेर आले, मित्राला म्हणाले, ‘‘उजवीकडून वळव, डावीकडे फरशी थोडी वर आलीये,’’ आणि लेक्चरला निघून गेले.

परतीच्या वाटेवर नारायणगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा साळवेसाहेब बोलले. मित्रा गाडीतच बसली होती, दार उघडं होतं, आम्ही शेजारी उभे. ते मला म्हणाले, पण ऐकवत होते तिला. इतके गुण मिळवून साधं कॉलेज घ्यायचं म्हणजे खुर्चीपुढे हार मानल्यासारखंच झालं. आज कॉलेजात कमी घेतलं, उद्या नोकरीत घ्यावं लागेल. मग इतकी वर्षं भांडलो ते कशासाठी?

मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं. नावाचा फायदा होतो, हे मी रोज बघते.

मित्रा म्हणाली, ‘‘पप्पा, मला कॉलेजात पाणी प्यायचंय.’’

त्यांना कळलं नाही. त्यांनी गाडीतली बाटली तिच्या हातात दिली. तिने ती मांडीवर ठेवली आणि सांगायला लागली. ज्युनिअर कॉलेजातलं टॉयलेट तिला वापरता येत नव्हतं, दार अरुंद. म्हणून सकाळी घरून निघाल्यावर परत येईपर्यंत ती पाणी पीत नसे. दोन्ही वर्षं. आई रोज बाटली भरून द्यायची. घरी यायच्या आधी ते पाणी ती कॉलनीतल्या झाडाला घालायची. डोकं दुखायचं, शेवटच्या तासाला फळ्यावरचं नीट दिसायचं नाही. सांगितलं असतं तर पप्पा कॉलेजात जाऊन भांडले असते, आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघत बसला असता, म्हणून सांगितलं नाही.

‘‘मी कमी घेत नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे जसे शिकतात तसं शिकणार आहे.’’

साळवेसाहेबांनी चहाचा कप तसाच टपरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं नाही. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, ते दुपारचं कॉलेज एक नंबरला टाकलं तर लागेल?’’

नक्की लागेल असं मी सांगू शकत नव्हते. मोठ्या कॉलेजात जागा जास्त, इथे दिव्यांगांसाठी कॉम्प्युटरला मोजक्याच. एखाद्या मुलाचे पर्सेंटाइल हिच्यापेक्षा वर असले की संपलं. दुसऱ्या नंबरला आम्ही नाशिकचं हायवेवरचं कॉलेज ठेवलं. मोठं कॉलेज निदान शेवटी तरी लिहावं, असं साळवेसाहेबांना वाटत होतं. मित्रा म्हणाली, जिथे जायचंच नाही ते लिहायचं कशाला? माझ्या धंद्याचा नियमही तोच आहे. खाली लिहिलेलं कॉलेजही लागू शकतं. तिच्यासाठी आणखी दोन कॉलेजं मी फोनवर विचारून नाही, तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवून, दारं मोजून घेऊन यादीत घातली. फॉर्म तिने स्वतः भरला.

पहिल्या फेरीत नाशिकचं लागलं. पुण्याच्या त्या साध्या कॉलेजातल्या जागा भरल्या होत्या. साळवेसाहेबांनी फोनवर फक्त ‘बरं’ म्हटलं. नाशिकची जागा राखून पुढच्या फेरीची वाट बघता येते, ती आम्ही बघितली. त्या दिवसांत ते मला रोज फोन करत आणि काही विशेष नाही म्हणून ठेवून देत. दुसऱ्या फेरीत त्या साध्या कॉलेजातली एक जागा रिकामी झाली, कारण तिथला कुणी मुलगा वर सरकून त्या मोठ्या दगडी कॉलेजात गेला. ती जागा मित्राला मिळाली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलची खोली तळमजल्यावर. सगळं सुरळीत आहे असं नाही. मेसच्या दाराशी एक पायरी निघाली, ती आम्ही कुणीच पाहिली नव्हती. ती तोडून घ्यायला साळवेसाहेबांनी तीन अर्ज केले. मोठ्या कॉलेजची हळहळ त्यांच्या मनातून पूर्ण गेलेली नाही. मधे एकदा भेटले तेव्हा तिथल्या मुलांच्या नोकऱ्यांचा विषय त्यांनीच काढला, आणि त्यांनीच बंद केला.

माझ्या कामात एवढाच बदल झाला. यादी पक्की झाली की मी मुलाला बाजूला घेते आणि एकेक नाव वाचून विचारते, हे लागलं तर सोमवारी तिथे जाऊन बसशील का? बहुतेक याद्यांत एकदोन नावांवर मूल थांबतं. कारण दर वेळी वेगळं असतं. गाव, भाषा, खर्च, कधी नुसती भीती. ती नावं कुणी लिहिली ते मी विचारत नाही. कटऑफ वेबसाइटवर मिळतो, पण या प्रश्नाचं उत्तर फक्त मुलाकडेच असतं, आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाही.