घोरपडीच्या हॉटेलातल्या नूडल्स

सर्व संबंधितांस, तसेच संबंध नसताना लक्ष घालणाऱ्या सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, हाताने ओढलेल्या नूडल्सचा जन्म चीन देशात झाला असला, तरी त्या पूर्णत्वाला पोहोचल्या त्या कर्जत तालुक्यातल्या कडाव गावी, आमच्या ओटीवर, म्हशींच्या गोठ्यापासून वीस पावलांवर. या विधानास कुणाची हरकत असल्यास ती लेखी कळवावी. मी ती वाचणार नाही.

डोळे मिटले की मला आधी दिसतात ते दोन हात... तेलाने चकाकणारे, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेले, आणि त्या दोन हातांमध्ये झुलणारा ओलसर, पांढऱ्या धाग्यांचा झोपाळा. सकाळचं ऊन त्यातून आरपार जातं आहे, सारवलेल्या ओटीवर त्याची सावली हलते आहे, आणि मी, नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, श्वास घ्यायचं विसरून समोर बसले आहे. ते हात सुमनकाकीचे.

सुमनकाकी म्हणजे माझ्या दत्ताकाकाची बायको. घाटावरची, पारनेरकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर भांडीकुंडी आली, गाद्या आल्या आणि एक लांबरुंद, सागवानी, गुळगुळीत पाट आला. तो शेवयांचा पाट. तिच्या माहेरी शेवया यंत्रावर करत नसत. भिजवलेलं पीठ वरवंट्याने कुटून कुटून लवचीक करायचं, पाटावर तेलाच्या हाताने त्याची लांब वळी करायची, तिचं कडं करून ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. एकाचे दोन पदर, दोनाचे चार, चाराचे आठ... असं करत करत शेवटी केसासारख्या बारीक धाग्यांची लड हातात उरायची आणि ती काठीवर वाळत पडायची. या सगळ्या वेळात काकी एक शब्द बोलत नसे. ओठ घट्ट मिटलेले, नजर धाग्यांवर. बोललं की श्वास हलतो, श्वास हलला की हात हलतो, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. एरवी ही बाई म्हशीशीसुद्धा गप्पा मारायची, म्हणून तिचं ते मौन मला देवळातल्यासारखं वाटायचं.

पण आमचं गाव भाताचं. चारी बाजूंनी खाचरं, घरात भाताच्या कणग्या, नि सणाला तांदळाचंच काही ना काही. आणि हवा? घाटाखालची, घामट, चिकट हवा! काकीच्या शेवया दिवसभर काठीवर वाळल्याचं नाटक करायच्या आणि रात्रीत पुन्हा मऊ पडायच्या. डब्यात भरल्या की आठवडाभरात त्यांना आंबूस वास यायचा, मग बुरशी. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्या वर्षी काकीने अख्खा डबा उकिरड्यावर ओतला, हात धुतले आणि पाट उचलून भाताच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवला. त्यावर मांजर झोपायला लागली. चार-पाच वर्षांत काकीच्या तोंडचं 'न्हाई' जाऊन आमच्याकडचं 'नाय' आलं, चालीत चिखलातली सवय आली. ती पुरती इथली झाली. फक्त त्या पाटाजवळून जाताना ती त्याच्याकडे बघायची नाही... हे मला तेव्हाही दिसत होतं.

याच सुमारास कर्जतच्या बाजारात हमीदभाईंनी चायनीज हॉटेल उघडलं. हमीदभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, जहाजावर स्वयंपाकी होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी एक माणूस पिठाच्या गोळ्यातून दोन हातांनी नूडल्स ओढताना पाहिला होता, आणि त्या दिवसापासून ते कामातून गेले होते. जहाज सोडून आले आणि हॉटेल काढलं. पाटीवर ड्रॅगन हवा होता, पण आमच्या पेंटरने जन्मात ड्रॅगन पाहिलेला नव्हता. त्याने माळावर पाहिलेली घोरपड रंगवली आणि तिच्या तोंडातून जाळ काढला. झालं! त्या हॉटेलचं नाव कागदोपत्री काहीही असो, तालुक्यात ते 'घोरपडीचं हॉटेल' म्हणूनच प्रसिद्धी पावलं. लोक विचारायचे, "हमीदभाय, आत पण हीच शिजवता काय?"

दत्ताकाका त्यांना दूध घालायचा. रविवारी मोपेडवरच्या दोन किटल्यांच्या मधे कोंबून तो मलाही न्यायचा. एका रविवारी मी मागच्या दाराने आत डोकावले, तर हमीदभाई पिठाच्या गोळ्याशी कुस्ती खेळत होते. ओढलं की तुटे, पुन्हा ओढलं की पुन्हा तुटे. कढईतून मिरचीचा ठसका, कोपऱ्यातून व्हिनेगरचा आंबट वास, आणि मध्ये हा सहा फुटी माणूस कपाळाला पीठ लावून पिठालाच म्हणत होता, "तूट, अजून तूट! आज मी तरी राहीन, नायतर तू तरी!"

"आमची काकी याच्याहून बारीक ओढते," मी म्हणाले.

"गप गं!" काका मागून खेकसला.

"दत्ताभाऊ, पोरगी काय बोलते ही?"

"पोरगी हाय, कायबी बोलते."

पण हमीदभाई संध्याकाळी कडावला हजर. ओटीवर बसले, चहा घेतला, आणि मुद्द्यावर आले. काकाने मान हलवली.

"शेवया हितं व्हत नाय, हमीदभाय. तीन वरसं बघितलं ना मी. घाटावरचं पीठ घाट उतरलं का रडाया लागतं. आनि आमच्या घरची बाई हाटेलात उभी ऱ्हायाची नाय."

"हाटेलात कशाला? ह्याच ओटीवर! तुमच्या दुधाबरोबर येतील."

"त्या गांडुळांसाठी? नाय म्हंजे नाय."

हमीदभाईंनी कप खाली ठेवला. ते उठणार, इतक्यात आतल्या दारातून काकीचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"भाऊ, त्या वाळवाव्या लागतात का?"

"वाळवायच्या?" हमीदभाईंनी दोन्ही हात वर केले. "अल्ला! वाळल्या तर खलास, वहिनी. ओल्याच पायजेत. ओढल्या की उकळत्या पाण्यात."

मग आतून एक आवाज... कणगीवरून लाकूड सरकल्याचा. आणि त्यापाठोपाठ झोपमोड झालेल्या मांजरीचा शेलका निषेध.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाई हजर होते. काकाला म्हैस धुवायला न्यायची होती, पण तो ती तशीच दावणीला ठेवून खांबाला टेकून उभा राहिला, नजर आढ्याकडे, जणू कौलं मोजतोय. काकीने रात्रीपासून पीठ ओल्या फडक्यात निजवलं होतं. तिने वळी केली, कडं केलं, ओठ मिटले. चार पदर. आठ. सोळा. पीठ पाटावर आपटल्याचा थाप् असा आवाज, मग हवेत झोळ, मग पुन्हा थाप्... धागे इतके बारीक झाले की आता ते दिसत होते की भासत होते, सांगता येईना. हमीदभाई अर्धवट उठले, "बस, वहिनी, बस! तुटेल!" काकाच्याही तोंडून "ए, बस गं" निसटलं. तीन वर्षं उकिरड्यावर गेलेलं सगळं त्या क्षणी त्या दोन हातांमध्ये लोंबकळत होतं; तुटलं असतं तर तो पाट पुन्हा कणगीवरच गेला असता, कायमचा. काकीने कुणाकडे पाहिलं नाही. सगळे बस म्हणाल्यावर तिने आणखी एकदा दुमडलं, आणि ओढलं.

नाही तुटलं.

हमीदभाई मटकन खाली बसले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं आमच्या ओटीवरून तांदळाच्या पिठीत घोळलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नूडल्स दर रविवारी मोपेडवरून घोरपडीच्या हॉटेलात गेल्या. त्या नेत होता कोण? दत्ताकाका! किटल्यांइतक्याच सांभाळून, खड्डा चुकवत, पण तोंडाने "गांडुळं, गांडुळं" असा जप करत. मी पहिली बशी खाल्ली ती अजून जिभेवर आहे. धूर लागलेला कोबी, सोया सॉसचा खारट काळेपणा, व्हिनेगरमधली हिरवी मिरची, आणि त्या सगळ्यातून सुळकन निसटून दाताखाली किंचित अडणारी, मग सोडून देणारी ती काकीची शेवई... आमच्या गावच्या दमट हवेने हरवलेली आणि हमीदभाईंच्या उकळत्या पाण्याने परत दिलेली.

आणि काका? त्याला मीच पकडला. हॉटेलातल्या खांबाआड, बशीत पाच बोटं घालून, हनुवटीवरून लोंबणारी नूडल आत ओढताना.

"काका!"

"दूध मोजाया आलो व्हतो," तो म्हणाला. तोंड भरलेलंच होतं.

घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. मीही नाही, आईस्क्रीमवर सौदा झाला होता. मात्र पुढच्या आठवड्यात तो सुताराकडून कणगीसाठी नवं झाकण करून घेऊन आला आणि त्याने ते स्वतःच बसवलं. काकीने ते पाहिलं, पाट पुसून खुंटीजवळ उभा केला, आणि त्या रात्री काकाच्या ताटात तुपाची धार जरा जास्त वेळ पडली. आमच्या घरात याहून मोठं प्रेमप्रकरण मी पाहिलेलं नाही.

आता हमीदभाई नाहीत. घोरपडीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. काकाला जाऊन सात वर्षं झाली. काकीची बोटं संधिवाताने आखडली आहेत, तिला ब्लाउजचा हूक लावायला सून लागते. आणि मी, पंचेचाळिशी ओलांडलेली, वजनाबद्दल कुणाचंही न ऐकणारी बाई, कर्जतपासून खोपोलीपर्यंत दिसेल त्या चायनीज हॉटेलात शिरून तीच चव शोधत असते. रसायनीत एकाने छातीठोकपणे सांगितलं, "हातच्याच आहेत, मॅडम." मी आत जाऊन पाहिलं, तर त्याने पाकीट हाताने फाडलं होतं.

पण मागच्या महिन्यात शिळफाट्याला एक छोटं हॉटेल सापडलं. काचेपलीकडे एक तरणा आचारी पीठ ओढत होता. थाप्... झोळ... थाप्. मी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. वेटर धावत आला, "तिखट झालं का?" डोळ्यांतलं पाणी पुसत मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार त्याला? ज्या कुणी त्या पोराला हे शिकवलं, त्यांचं सगळं भलं होवो.

पुढच्या रविवारी काकीला घेऊन गेले. तिने खुर्ची काचेजवळ ओढून घेतली आणि तिच्या ओठांची ती जुनी, घट्ट रेघ झाली. आचाऱ्याने दुमडलं, ओढलं. दुमडलं, ओढलं. टेबलाखाली काकीची आखडलेली बोटं हलायला लागली, त्याच्याबरोबर, त्याच्याच लयीत. धागे बारीक झाले, आणखी बारीक झाले, हॉटेलातले दोघेतिघे मोबाइल वर करून बघायला लागले. आचाऱ्याने समाधानाने मान हलवली, उकळत्या पातेल्याकडे वळला, लड आता सोडणार... आणि पीठ समोर असताना जन्मात कधी न बोललेली माझी काकी खुर्चीतून अर्धी उठून, काचेवर हात आपटून, सगळं हॉटेल वळून बघेल अशा आवाजात ओरडली,

"थांब रं बाबा! अजून एक पदर निघतो त्यात!"