चाळणीमामांची गांडुळं

चाळणीमामांनी माती परीक्षण केंद्रात एकतीस वर्षं माती चाळली. नमुना सावलीत वाळवायचा, लाकडी दांड्याने कुटायचा, प्लास्टिकच्या चाळणीतून काढायचा. धातूंच्या तपासणीला जाणाऱ्या मातीला लोखंड लागू द्यायचं नाही. मनगटावरचं घड्याळसुद्धा ते खुंटीला अडकवून मग कामाला बसत.

मी तिथे अहवाल टाइप करायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं, शिकलास काय. साहित्य, म्हणालो. बरं आहे, म्हणाले, त्याला गंज चढत नाही.

मामांचे आईवडील लवकर गेले. मोठ्या बहिणीने, ताईंनी, त्यांना वाढवलं. शाळेत दोनदा आपटले, तेव्हा ओळखी काढून केंद्रात चिकटवलं तेही ताईंनीच. लग्न राहून गेलं. ताईंचे यजमान वारल्यापासून मामांचा रविवार त्यांच्या शेतावर जायचा.

शेत कोळशाच्या खाणीच्या खालच्या अंगाला आहे. खाणीतून उपसलेलं पाणी ओढ्याला येतं आणि ओढ्याचं शेतात. सात वर्षांपूर्वी तिथे एकही गांडूळ उरलं नव्हतं. मामा फूटभर लांबरुंद, वीतभर खोल खड्डा घेत आणि माती हाताने चिवडून मोजत. शून्य. मग ते खताच्या ढिगातली गांडुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायला लागले. पहिली दोन वर्षं सगळी मेली. लोक बहिणीला कापडचोपड आणतात, हा वळवळ आणतो, असं ताई म्हणत. तिसऱ्या वर्षी काही तगली. पाचव्या वर्षी एका खड्ड्यात बावीस निघाली.

तोवर ताई भाजी बाजारातून आणत. त्या दिवशी मामांनी सांगितलं, आता इथली खायला हरकत नाही. ताईंनी पालकाचे चार वाफे केले.

या मातीतले धातू तपासलेत का, असं मी एकदा विचारलं होतं. मामा हसले.

"यंत्र चुकेल एक वेळ. गांडूळ विषात राहत नाही."

जगाची माती चाळणाऱ्या माणसाने बहिणीची माती कधी चाळणीवर घेतली नाही.

यंदा विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंना खाणीजवळच्या शेतातली गांडुळं हवी होती. कुणालाच मिळेनात. मामांनी ताईंच्या शेतातून डबाभर आणली; तिथली माती बाईंनी स्वतः नेली. पोट रिकामं व्हावं म्हणून ती दोन दिवस ओल्या कागदावर ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, बघा कशी धट्टीकट्टी आहेत. मग वाळवून त्यांची पूड केली.

तो अहवाल मी टाइप केला. कॅडमियम हा विषारी धातू मातीत मर्यादेच्या चौपट होता, गांडुळांत मातीच्या नऊपट. मी आकडा तीनदा ताडून पाहिला.

बाईंनी मामांना समजावलं. काही गांडुळं धातू अंगात बांधून ठेवतात आणि जगतात. ती जिवंत आहेत, एवढ्यावरून जमीन बरी आहे असं ठरत नाही. माणसाच्या अंगात तो मूत्रपिंडात साठतो, आणि वर्षानुवर्षं निघत नाही.

मामांनी एकच शब्द विचारला.

"पालक?"

"पालक तर फार ओढतो," बाई म्हणाल्या.

ताईंच्या पायांना गेल्या हिवाळ्यापासून सूज होती. डॉक्टरांनी मूत्रपिंडं थकलीत, वय झालंय, असं सांगितलं होतं. बाईंना हे माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं.

रविवारी मला म्हणाले, चल बरोबर. ताई वाफ्यातच होत्या. मामा बांधावर उभे राहिले, खाली उतरले नाहीत.

"ताई, भाजी बंद. माझं चुकलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई जसं बोलल्या होत्या तसंच, एकही शब्द न गाळता. ताईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"तू किती खाल्लीस?"

"रविवारची तेवढी."

"मग माझीच जास्त झाली. बरं झालं."

त्या पुन्हा खाली वाकल्या आणि मध्येच थांबल्या.

"धाकट्या, नातीला मी दर आठवड्याला जुडी पाठवते रे."

मामांना हे ठाऊक नव्हतं. नात चार वर्षांची आहे. ताईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. घरात असेल तो पालक शिजवू नकोस, पोरीला डॉक्टरकडे ने, एवढंच त्या दोनदा बोलल्या. मुलगी का, का विचारत होती. आवाज मलाही ऐकू येत होता. मामा येऊन सांगेल, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग आम्ही तिघांनी वाफे उपटले. पानं रुंद होती, गडद हिरवी. मुळांशी गांडुळं निघत होती. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शेळीला टाकू का, ताईंनी विचारलं. मामा नाही म्हणाले. खताच्या खड्ड्यात? नाही. पेटवून देऊ? राख इथेच पडेल, म्हणाले.

"मग टाकू कुठे? ते तरी सांग."



ढीग बांधावरच राहिला. शेळीने तोंड घालू नये म्हणून ताई त्यावर काट्याच्या फांद्या रचायला लागल्या. मामा कुंपणातून एकेक फांदी ओढून आणत होते आणि त्यांच्या हातात देत होते.